एईएस-128: काम चोख, पण एस-बॉक्स रॅम खातो

टाकीतल्या पाण्याची पातळी पाठवणाऱ्या माझ्या नोडवर (छोट्या यंत्रावर) एईएस-128, म्हणजे 128 बिटांच्या किल्लीने माहिती कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची पद्धत, बरेच महिने चालू आहे. सुरक्षेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एस-बॉक्सची, म्हणजे प्रत्येक बाइटच्या जागी कोणता बाइट ठेवायचा ते सांगणाऱ्या तक्त्याची.

नोडमधल्या एटीमेगा328पी या एव्हीआर जातीच्या चिपची रॅम अवघी 2048 बाइट. नोड मधूनच हँग व्हायला लागला म्हणून मॅप फाइल (मेमरीत काय कुठे बसलंय त्याची यादी) उघडली, तर फुकटच्या लायब्ररीने 256 बाइटचे दोन तक्ते रॅममध्ये आणून ठेवलेले: एक एन्क्रिप्शनचा, दुसरा उलटा, डिक्रिप्शनचा. कधीच न बदलणाऱ्या आकड्यांसाठी पाव रॅम गेली! एव्हीआरवर कोडमध्ये नुसतं कॉन्स्ट ('हे बदलणार नाही') लिहून भागत नाही, तक्ता फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत, ठेवायला प्रोगमेम लावावं लागतं. लायब्ररीवाल्यांकडे तक्रार टाकली तर उत्तर आलं, मोठी चिप घ्या. पैसे कोण देणार?

चिडून डीईएस (एईएसच्या आधीची पद्धत) काढून बघितलं. त्याचे आठही एस-बॉक्स घट्ट बसवले तर मिळून 256 बाइट, आणि डिक्रिप्शनलाही तेच चालतात, कारण त्याच्या फायस्टेल रचनेत (अर्धा ब्लॉक दुसऱ्या अर्ध्यात मिसळत जायचं) बॉक्स उलटा फिरवावाच लागत नाही. काटकसर म्हणावी तर ही! पण 56 बिटांची किल्ली आज कोण वापरणार? शिवाय ते आकडे कोणत्या निकषांवर निवडले हे 1977 पासून गुलदस्त्यात. आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथने 1994 मध्ये सांगितलं तेव्हा उलगडा झाला.

इथे मात्र एईएसला मानलं. बॉक्समधली कुठलीही नोंद कागदावर पडताळता येते. हेक्समधला (16 च्या पायातला) 53 घ्या: 256 घटकांच्या क्षेत्रात त्याचा गुणाकार व्यस्त (ज्याने गुणलं की 1 येतो तो) सीए, मग बिटांची ठरलेली सरमिसळ, शेवटी 63 शी एक्सऑर (बिट वेगळे तर 1, सारखे तर 0), उत्तर ईडी. शून्याला व्यस्त नाही, तिथे शून्यच धरतात, म्हणून तक्ता 63 ने सुरू होतो. अख्ख्या एईएसमध्ये रेषीय नसलेला भाग एवढाच. तो काढला तर दहाही फेऱ्या म्हणजे सरळ सुटणारी समीकरणं. म्हणजे खातो तेवढं राबतोही.

शेवटी तक्ता फ्लॅशमध्ये हलवला. तिथून वाचायला चिपच्या घड्याळाची एक सायकल जास्त, 16 बाइटच्या ब्लॉकमागे दहा फेऱ्यांत 160 वाचनं, म्हणजे 16 मेगाहर्ट्झवर 10 मायक्रोसेकंदांची वाढ. इतक्यासाठी पाव रॅम? उलटा तक्ता तर सीटीआर मोडमध्ये (वाढता काउंटर एन्क्रिप्ट करून संदेशाशी एक्सऑर करायचा) लागतच नाही, तो उडवला. (त्याच किल्लीवर काउंटर पुन्हा वापरू नका, रीबूटनंतर शून्यावर गेला की सगळं मुसळ केरात. मी तो वीज गेली तरी टिकणाऱ्या ईईप्रॉम मेमरीत ठेवतो.)

पाचपैकी चार तारे. पहिल्या फेरीत तक्ता वाचताना चिप किती वीज ओढते त्यावरून किल्ली काढता येते, तो धोका आहेच. पण ऑसिलोस्कोप घेऊन जो गच्चीवर चढेल, त्याला टाकीची पातळी मी तोंडीच सांगेन.