जर्मनचा सराव घेणारा चॅटबॉट : समजूतदार, पण गरजेपेक्षा जास्त

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात जर्मन शिकू पाहणारी मुले आता सहज भेटतात. नर्सिंग पूर्ण करून जर्मनीतील रुग्णालयात नोकरी शोधणाऱ्या मुली त्यांत आहेत, तसेच उद्यमबागेतील कारखान्यांत थोडाफार अनुभव घेऊन पुढील शिक्षणासाठी तिकडे जाऊ इच्छिणारे अभियंतेही आहेत. परीक्षेसाठी पुण्याचे मॅक्स म्यूलर भवन (जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेचे केंद्र) किंवा बंगळूरू गाठावे लागते आणि गावात शिकवण्या मोजक्याच आहेत. त्यामुळे दोन तासिकांच्या मधल्या दिवसांत बोलायचे कोणाशी, हा प्रश्न कायमचाच असतो. टिळकवाडीत संध्याकाळची शिकवणी घेताना मी विद्यार्थ्यांना या कामासाठी मोबाईलवरचा एक सर्वसाधारण, मोफत चॅटबॉट वापरायला लावला. हा अभिप्राय त्याच अनुभवावर आधारलेला आहे.

त्याचा सर्वांत मोठा गुण सांगायचा तर तो कंटाळत नाही. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी रात्री अकरा वाजता त्याच्याशी न लाजता बोलते, कारण चुकल्यावर हसणारे तिथे कोणी नसते. ‘तू श्टुटगार्टच्या रुग्णालयातील वृद्ध रुग्ण हो, मी परिचारिका आहे, माझ्याशी सोप्या जर्मनमध्ये बोल’ एवढे सांगितले की तो गुडघेदुखीची तक्रार करतो, गोळी नको म्हणतो, मुलगा भेटायला येत नाही म्हणून कुरकुरतो. असा सराव पाठ्यपुस्तकात मिळत नाही, आणि दहा जणांच्या वर्गात प्रत्येकाला इतका वेळ देणे मलाही जमत नाही. खानापूरच्या जंगलालगतच्या गावांतून आवाजी संभाषण मध्येच तुटते, पण लिहून बोलण्यापुरते नेटवर्क बहुतेक वेळा मिळते.

व्याकरण समजावून देण्यात मात्र तो इंग्रजीच्या वाटेने चालतो. मराठीत विचारले तरी उत्तराचा साचा इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकाचा असतो. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत हे तो मोठ्या संकटासारखे सांगतो, जणू मराठीत तीन नाहीतच. ‘कारण’ या अर्थाच्या ‘वाइल’नंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते, हा नियम तो लांबलचक समजावतो, पण मराठीत क्रियापद शेवटीच येत असल्याने आपल्या मुलांना तेवढे एकच वळण आधीपासून अंगवळणी पडलेले असते. एकदा मुद्दाम सांगितले, ‘डेटिव्ह म्हणजे काय ते मराठीच्या चतुर्थीवरून समजाव.’ त्याने ‘मला थंडी वाजते’ आणि ‘मीर इस्ट काल्ट’, ‘मला आवडते’ आणि ‘एस गेफेल्ट मीर’ अशा जोड्या पुढे ठेवल्या. उदाहरणे नेमकी होती, विद्यार्थीही खूश झाले.

अडचण त्यापुढे आली. जिथे मराठीत ‘ला’ येतो तिथे डेटिव्ह वापरावी, असा नियमच त्याने ठोकून दिला. मराठीत ‘मी त्या माणसाला पाहिले’ यातही ‘ला’ असतो, पण जर्मनमध्ये तिथे द्वितीयेसारखी अकुझाटिव्ह लागते. परिणामी ‘डेन मान’ऐवजी ‘डेम मान’ लिहिलेल्या वह्या माझ्यासमोर आल्या. इथे आपल्या भागातील मुलांपाशी एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे शाळेत शिकलेली कन्नड. कन्नडमध्ये ‘रामनन्नु नोडिदे’ (रामाला पाहिले) आणि ‘रामनिगे पुस्तक कोट्टे’ (रामाला पुस्तक दिले) अशी दोन्ही रूपे स्पष्ट वेगळी असतात. ‘त्याला विचारले’ याला कन्नडमध्ये ‘अवनन्नु’ लागते आणि जर्मनमध्ये अकुझाटिव्ह. ‘त्याला मदत केली’ याला ‘अवनिगे’ लागते आणि जर्मनमध्ये डेटिव्ह. फोन करण्याच्या बाबतीत हा मेळ तुटतो, कारण कन्नड ‘अवनिगे’ म्हणते आणि जर्मन अकुझाटिव्ह मागते, पण सुरुवातीला ही वाट पुष्कळ उपयोगी पडते. चॅटबॉटला तिन्ही भाषा येतात, तरीही विचारल्याशिवाय ही गोष्ट त्याने एकदाही सुचवली नाही. विचारल्यावर मात्र तक्ताच करून दिला. (सीमाभागात मराठी-कन्नड हा विषय निघाला की बोलणे पाट्यांवर आणि निवेदनांवर जाते. विभक्तीसाठी दोघी एका फळ्यावर आलेल्या पाहून मला तरी बरे वाटले.)

माझा खरा आक्षेप त्याच्या समजूतदारपणावर आहे. जर्मनमध्ये ‘ड्रुकेन’ म्हणजे छापणे आणि ओठांचा चंबू करून उच्चारायचे ‘ड्र्यूकेन’ म्हणजे दाबणे. एक विद्यार्थिनी रुग्णाला बेल दाबायला सांगताना दर वेळी ‘छापा’ म्हणत होती. पडद्यावर मात्र तिचे वाक्य योग्य स्पेलिंगसह, दोन टिंबे देऊन उमटत होते आणि काल्पनिक आजोबा मुकाट्याने बेल दाबत होते. संदर्भावरून तो शब्द ओळखतो आणि उच्चाराची चूक तिथेच झाकली जाते. खऱ्या वॉर्डात समोरचा माणूस कपाळाला आठ्या घालून ‘काय?’ म्हणेल, आणि तो ‘काय?’ ऐकण्याची सवयच या सरावात लागत नाही. ‘माझे बोलणे नीट समजले नाही तर अंदाज करू नकोस, पुन्हा विचार’ असे बजावले तर तो थोडा वेळ पाळतो, मग पुन्हा मवाळ होतो.

पत्र तपासण्यातही हाच प्रकार आढळतो. गोएथे संस्थेच्या बी-1 या मधल्या पातळीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या प्रत्येक भागात शंभरपैकी 60 गुण लागतात, आणि लेखनात सुमारे 40 शब्दांचे एक औपचारिक पत्र असते. कार्यालयाला लिहिलेल्या अशा पत्रात मध्येच ‘झी’ (आपण) सोडून ‘डू’ (तू) आले, म्हणजे साहेबांना अचानक अरेतुरे झाले, तरी त्याने ‘छान लिहिले आहे’ म्हणून शाबासकी दिली. मी आता विद्यार्थ्यांना गुण मागू देत नाही. फक्त चुकांची यादी मागायची आणि ती माझ्याकडे आणायची. पुष्कळशा चुका तो बरोबर पकडतो, मात्र न चुकलेल्या वाक्यातही अधूनमधून सुधारणा सुचवतो.

सशुल्क आवृत्ती घ्यावी का, असे पालक विचारतात. बी-1पर्यंतच्या सरावाला मोफत आवृत्ती पुरते, असे माझे मत आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणतः त्यापुढची बी-2 पातळी लागते. तिथपर्यंत जाणाऱ्या मुलींनी ते पैसे राखून ठेवावेत आणि परीक्षेआधी उच्चार ऐकून घेणाऱ्या एखाद्या माणसापाशी काही तासिका घ्याव्यात.