आर्केड स्टिक घरी बनवायची तर बोर्ड कोणतं, झीरो डिले, पिको का ब्रूक?

आर्केड स्टिक म्हणजे गेम खेळायचा दांडा-बटणांचा डबा, आणि बोर्ड म्हणजे त्याच्या आतलं सर्किट, जे बटणांचे दाब कन्सोलला (पीएस४, एक्सबॉक्स अशा गेमच्या यंत्राला) कळवतं. लाकूड, बटणं, दांडा हे नंतर पाहू भाऊ, आधी सांगा घरात कन्सोल कोणकोणते आहेत, काहून की सगळा खर्च आणि सगळी डोकेदुखी बोर्डावरच ठरते.

फक्त पीसी आणि जुना पीएस३ असेल तर झीरो डिलेचं स्वस्त किट चालून जातं. वायरी नुसत्या खोचायच्या, सोल्डरिंग नाही. नाव झीरो असलं तरी लॅग, म्हणजे बटण दाबल्यावरचा उशीर, शून्य नसतो आणि पुढं दुसरा कन्सोल आला की बोर्ड बदलणं आलंच, म्हणून मला ते पटत नाही.

रास्पबेरी पिको मात्र लय आवडलं. २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेलं हे बोर्ड, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकटचं फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं. बोर्डावरचं बटण दाबून यूएसबी लावली की पिको पेन ड्राइव्हसारखं दिसतं, फाईल त्यात टाकली की झालं. प्रत्येक बटणाची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला, आणि ग्राउंड एका बटणावरून दुसऱ्यावर फिरवत न्यायचं. पीसी, स्विच, पीएस३ मस्त चालतात, लावताना ठराविक बटण दाबून धरलं की मोड बदलतो.

गोम पीएस४ ची आहे. ओळख पटवणारी डिजिटल किल्ली बोर्डात नसली तर साधारण ८ मिनिटांनी कन्सोल स्टिकला सोडून देतो. तान्ह्या पोळ्याला पोरं जमली होती, माझा भाचा शेवटच्या राउंडात जिंकत आलेला आणि दांडा मेला, पोरगं रडकुंडीला आलं, मलाच वाईट वाटलं.

म्हणून पीएस४ किंवा एक्सबॉक्स वन रोजचा असेल तर ब्रूक कंपनीचं युनिव्हर्सल फायटिंग बोर्ड घ्या. पिकोच्या कितीतरी पट महाग आहे, पण कन्सोल स्वतः ओळखतं आणि एक्सबॉक्स ३६०, पीएस३, स्विच, पीसी सगळं त्यातच. एकच कन्सोल असेल तर त्याचाच जुना कंट्रोलर खोलून त्याच्या आतल्या सर्किटवर वायरी सोल्डर करता येतात, पण हात बसलेला पायजे, आणि मधेच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून.

डब्याचं काम गावातच करून घ्या. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणाऱ्या सुतारकाकांनी केला, वरून १२ एमएमचं प्लाय. तिथं मी फसलो: सान्वा कंपनीची ओबीएसएफ-३० बटणं क्लिपनं बसतात, त्या क्लिपा पातळ पत्र्यासाठी असतात, जाड प्लायला पकडतच नाहीत. काकांनी मग पटाशीनं प्रत्येक भोकाच्या खालून लाकूड कोरून जागा पातळ केली, आठ भोकं, अख्खी दुपार गेली. तुम्ही वरची पाटी २ एमएम पत्र्याची घ्या, नाहीतर सरळ आट्यांची ओबीएसएन-३० मागवा आणि भोकं ३० एमएमची पाडा.