आफ्रिकेतल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जायचंय? कुठला मार्ग कुणासाठी

पदवी झाली आहे, एखादं वर्ष मोकळं काढता येईल, आणि ते आफ्रिकेतल्या एखाद्या गावात आरोग्याच्या, मुलींच्या शिक्षणाच्या किंवा झाडांच्या कामात घालवावं असं मनात आहे. असं मनात असलेली मुलंमुली माझ्याकडे विचारायला येतात, कारण मी टांझानियात डोडोमाच्या बाजूच्या एका गावात चौदा महिने राहून आलो आहे. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो. मार्ग बरेच आहेत, पण सगळे सारख्या तोलाचे नाहीत.

सगळ्यात पटकन सापडतो तो पैसे भरून दोन ते चार आठवडे जाण्याचा. अनुभवाची अट नसते, फी भरली की जागा पक्की. मी हा मार्ग कुणालाच सुचवत नाही, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या गावातल्या शाळेत अशाच एका गटाने हात धुण्यासाठी टिपी-टॅप बांधून ठेवले होते. रचना साधी असते. दोन बेचक्याच्या काठ्या रोवायच्या, त्यांवर आडवी काठी ठेवून पाच लिटरचा कॅन टांगायचा, कॅनला वरच्या बाजूला भोक पाडायचं आणि दोरीने तो जमिनीलगतच्या एका काठीला जोडायचा. त्या काठीवर पाय दिला की कॅन कलतो आणि हातावर धार पडते. शेजारी साबण दोरीत ओवून लटकवलेला. असे सहा बांधले होते. मी पोचलो तेव्हा काठ्या उभ्या होत्या, कॅन एकही नव्हता. कॅन घरोघरी पाणी आणायला लागतो, आणि शाळेत पाणी यायचं ते पाऊण तासावरच्या हातपंपावरून. ते रोज कुणी भरायचं, हे गट परत जाईपर्यंत कुणी ठरवलंच नव्हतं. पुढे तिथल्याच एका शिक्षिकेने वर्गावर्गाच्या पाळ्या लावल्या, मुलांनी येताना बाटलीभर पाणी आणायचं ठरलं, आणि दोन टिपी-टॅप चालू राहिले. सहा बांधायला एक दुपार पुरली होती. पाळ्या अंगवळणी पडायला अख्खं सत्र गेलं.

याच प्रकारात अनाथाश्रमात मुलं सांभाळण्याचा कार्यक्रम कुणी पुढे केला, तर सरळ नाही म्हणा. अशा ठिकाणच्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशामुळेच मुलं घराबाहेर ठेवली जातात. त्यातून दर महिन्याला नवा ताई-दादा लळा लावून निघून जातो. ज्याला खरंच मुलांची काळजी आहे त्याने या व्यवहारात पडू नये.

आता जे मार्ग विचारात घेण्यासारखे आहेत ते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, 1970 साली महासभेने सुरू केला. मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. 18 ते 26 वयाच्यांसाठी वेगळा युवा गट आहे. नेमणूक साधारण सहा महिने ते दोन वर्षांची, निर्वाहभत्ता आणि आरोग्यविमा मिळतो, खिशातून फी भरावी लागत नाही. भारतीय पासपोर्टवर अर्ज करता येतो, पण चुरस मोठी असते. आणखी एक गोष्ट नीट वाचा: नेमणुकीचं ठिकाण. कित्येक जागा राजधानीतल्या कार्यालयात असतात. अहवाल, आकडेवारी, समन्वय हे कामही लागतंच, पण तुम्हाला गावात राहायचं असेल तर युगांडाची राजधानी कंपाला आणि त्याच देशातला दुर्गम करामोजा भाग यांत फार अंतर आहे.

पीस कॉर्प्स या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेचा विचार फक्त अमेरिकन नागरिकांनी करायचा, म्हणजे न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेल्या आपल्या मुलांनी. केनेडींनी 1961 मध्ये ती सुरू केली आणि पहिल्या तुकड्यांपैकी एक घानाला गेली. मुदत 27 महिने: पहिले तीन प्रशिक्षणाचे, त्यात स्थानिक भाषा शिकवतात, आणि मग दोन वर्षं बहुधा गावातच. आरोग्य, शिक्षण, शेती, पर्यावरण अशी क्षेत्रं आहेत. ज्यांना हा मार्ग खुला आहे त्यांना मी तो यूएनव्हीच्या आधी सुचवेन, केवळ भाषेसाठी आणि मुदतीसाठी. मात्र गावात तुम्ही बहुतेक वेळा एकटे असता, हे घरी आधीच सांगून ठेवा.

व्हीएसओ ही 1958 पासूनची ब्रिटिश संस्था. तिचा 18 ते 25 वयाच्या तरुणांसाठीचा, ब्रिटिश सरकारच्या पैशावर चालणारा दहा-बारा आठवड्यांचा आयसीएस कार्यक्रम आता बंद झाला आहे. जुने लेख वाचून त्याच्या मागे लागू नका. परदेशात पाठवताना ते आता अनुभवी माणसं शोधतात. नर्स, शिक्षक, कृषी पदवीधर असाल तर आधी दोन-तीन वर्षं इथे काम करा आणि मग बघा.

मुदतीवर मी इतका भर का देतो? टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ 1980च्या दशकात नायजरमध्ये मरादी भागात होते. सुरुवातीची वर्षं त्यांनी रोपं लावण्यात घालवली आणि बहुतेक रोपं मेली. 1983 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की माळावर झुडपं म्हणून जी दिसतात ती तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेली पालवी आहे. खाली मुळं शाबूत आहेत. चांगल्या फांद्या राखायच्या, बाकीच्या छाटायच्या, एवढंच शेतकऱ्यांनी करायचं. नायजरमध्ये अशा रीतीने सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली, तीही शेतकऱ्यांच्या हातून. तीन आठवड्यांसाठी आलेला माणूस रोपं लावून, फोटो काढून परत गेला असता. त्या बुंध्याकडे त्याचं लक्षही गेलं नसतं.

समतेच्या कामात तर हे आणखी खरं. सेनेगलमधली तोस्तान संस्था 1991 ची. तिच्या संस्थापक मॉली मेल्चिंग 1974 मध्ये शिकायला म्हणून तिथे आल्या आणि राहिल्या. गावकऱ्यांना आरोग्य आणि हक्क शिकवणारे तिचे वर्ग गावच्या भाषेत, आणि तेही वर्षानुवर्षं. 1997 मध्ये मालिकुंदा बांबारा गावच्या बायकांनी मुलींचं जननेंद्रिय कापण्याची प्रथा सोडल्याचं जाहीर केलं. तो निर्णय त्यांचा होता. बाहेरून आलेल्या विशीतल्या पाहुण्याने हा विषय काढला असता तर दार बंद झालं असतं.

म्हणूनच न जाण्याचा मार्गही मी बरोबरीने मांडतो. झिम्बाब्वेत 1993 साली सुरू झालेल्या कॅमफेड या मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेत शाळा पूर्ण केलेल्या तरुणी आपल्याच भागातल्या शाळांत ‘लर्नर गाइड’ म्हणून स्वयंसेवा करतात. गळतीच्या उंबरठ्यावर असलेली मुलगी कुठल्या घरात आहे, हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या विमानभाड्याइतकी देणगी अशा संस्थेकडे गेली तर ती तुमच्या महिनाभराच्या मुक्कामापेक्षा जास्त कामाला येईल, असं मला मनापासून वाटतं. यूएनव्हीच्या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या भाषांतर, मांडणी, संगणकाचं कामही करता येतं. आणि जामखेड आपल्या जवळ आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथे गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, आणि ते शिकायला आफ्रिकेतूनही माणसं येतात. जे पाहायला ते इतक्या लांबून येतात ते आपण एसटीने जाऊन पाहू शकतो. काही महिने तिथे काढून मग अर्ज करणारा उमेदवार मला जास्त भरवशाचा वाटतो.

तेव्हा अमेरिकन पासपोर्ट आणि सव्वादोन वर्षं हाताशी असतील तर पीस कॉर्प्स. भारतीय पासपोर्ट आणि सव्वीसपर्यंतचं वय असेल तर यूएनव्ही, पण उत्तर येईपर्यंत जामखेड. हातात कसब असेल तर थोडं थांबून व्हीएसओ. फक्त एक महिना असेल तर घरूनच ऑनलाइन काम.

पूर्व आफ्रिका ठरली तर स्वाहिली आजपासून सुरू करा. दुका, गारी, पेसा, चाय, चपाती, बिमा हे शब्द तुम्हाला येतातच. तिथे तुम्हाला ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणतील, आणि भारतीय म्हणजे दुकानदार हीच सगळ्यांची ओळख. पहिले दोन-तीन महिने ती ओळख पुसण्यात जातात, तेही मुदतीत धरा. पीतज्वराची (यलो फीवरची) लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला त्यानंतरच लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. तो जवळ नसेल तर परत येताना भारतात सहा दिवस विलगीकरणात राहावं लागू शकतं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आणि मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून लावा.