क्लाउड बिलिंग सॉफ्टवेअरचे दहा महिने : सॉफ्टवेअर बरंय, पण अपडेट सांभाळणं हे एक वेगळंच काम

नाव लिहीत नाहीये, कारण ओळखीतल्या दोन-तीन एजन्सीवाल्यांना विचारलं तर त्यांच्याकडे वेगळं सॉफ्टवेअर आहे आणि रडगाणं हेच आहे. आमची मिरजेला एफएमसीजीची एजन्सी, साबण, शाम्पू, बिस्किटं, तूप, फरसाण, साधारण २,३०० आयटम, चार सेल्समन, दोन टेम्पो. एप्रिल २०२५ ला नवीन आर्थिक वर्ष धरून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर आलो. जुन्या सॉफ्टवेअरला अपडेट म्हणजे वर्षातनं एकदा इंजिनियर यायचा, चहा घ्यायचा, पेनड्राइव्ह लावून जायचा, आणि गडबड असली की आम्ही सरळ म्हणायचो दिवाळीनंतर या. ती सोय आता गेली. रात्री बिलिंग बंद करून घरी जावं आणि सकाळी येऊन बघावं तर सेव्हचं बटण भलतीकडेच. आमच्या बिलिंगच्या ताई स्क्रीनकडे न बघता बिल मारतात, त्यांचा हात आठवडाभर चुकत होता, आणि शिव्या मला, कारण हे खूळ मी आणलेलं.

बटणाचं सोडा, ते अंगवळणी पडतं. रिटर्नच्या तारखेला येणारे अपडेट जास्त छळतात. मे २०२५ च्या जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न) पासून एचएसएनचा, म्हणजे मालाच्या कोडप्रमाणे गोषवारा बी-टू-बी (जीएसटी नंबरवाले गिऱ्हाईक) आणि बी-टू-सी (बिननंबरचे) असा वेगळा द्यायचा झाला, तो बदल आमच्या सॉफ्टवेअरात आला ९ जूनच्या रात्री, आणि रिटर्नची तारीख ११! शिवाय आल्यावर पेटी आणि नग यांचा घोळ, रक्कम बरोबर पण नग लाखात. सीएच्या ऑफिसातल्या पोराने रात्री साडेदहापर्यंत बसून एक्सेलमध्ये जुळवलं. जुलैपासून तर थ्री-बी (ज्यावर कर भरतो ते रिटर्न) मधला विक्रीवरचा कर वन मधून आपोआप येतो आणि तिथे हात लावता येत नाही, चुकलं तर आधी वन-ए हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्त करा. म्हणजे वन बिघडला की पुढचं सगळंच अडकलं.

खरी परीक्षा सप्टेंबरात. ३ तारखेला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले तेव्हा गणपती बसलेलेच होते, लागू २२ ला, बरोबर घटस्थापनेला. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५, तूप-फरसाण १२ वरून ५, डिटर्जंट पावडर मात्र १८ वरच. मधल्या पितृपक्षात तसाही माल हलत नाही, त्यात दुकानदार म्हणे आता २२ नंतरच बघू, त्यामुळे २२ ला सकाळी ऑर्डरींचा नुसता पूर आणि आदल्या रात्रीच बारा वाजता सॉफ्टवेअरमध्ये दर बदललेले. कौतुक करायचं तर हे की एचएसएनला जोडलेले आयटम एका झटक्यात बदलले, हातानं करायला बसलो असतो तर दसरा उजाडला असता. पण एप्रिलमध्ये जुना डेटा चढवताना आम्ही तीनशेच्या वर आयटमना दर थेट हाताने टाकला होता, ते सगळे जिथल्या तिथे. पहिल्या तासातच एका किराणावाल्याचा फोन, "भाऊ, टीव्हीवर पाच टक्के सांगत्यात आणि तुमच्या बिलात अठरा कसं?" ही चूक आमची, सॉफ्टवेअरची नाही.

त्यांची चूक वेगळी होती. २२ च्या आधी १८ टक्क्याने विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोटही (परताव्याची रक्कम वजा करणारा कागद) १८ नेच निघायला पाहिजे, मूळ बिलाप्रमाणे. अपडेटनंतर सॉफ्टवेअर सगळ्या परताव्याला ५ लावायला लागलं. सपोर्टला तिकीट टाकलं तर उत्तर काय, ब्राउझरचा कॅश, म्हणजे साठलेला जुना डेटा, क्लिअर करून बघा. चौथ्या दिवशी दुरुस्ती आली, तोवर परत आलेला माल वहीत लिहून ठेवला. आमचे अण्णा काही बोलले नाहीत, फक्त ती वही उचलून गल्ल्याशेजारी ठेवली.

त्यानंतर आम्ही जरा शहाणे झालो. सॉफ्टवेअरमध्येच चाचणीपुरती एक खोटी कंपनी उघडून ठेवलीये, अपडेट आला की ताई आधी तिथे पाच बिलं मारतात : एक साधं, एक स्कीमचं, एक परताव्याचं, एक जुन्या तारखेचं, एक ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन परवाना) लागेल एवढं मोठं, आणि पाचही प्रिंट काढून मागच्या प्रिंटशी ताडून बघतात. वीस मिनिटांचं काम. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून निघणारं बिल, तेवढा आमच्याकडे तिथे तपासता येत नाही, म्हणून पहिला खरा इनव्हॉइस निघाला की तो नीट बघूनच पुढचे काढायचे, कारण रद्द करायला २४ तासच मिळतात. नवीन काय आलं याची इंग्रजी यादी दर सोमवारी मी वाचतो, त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नसतं पण कामाची ओळ नेमकी शेवटून दुसरी असते. आणि दर महिन्याच्या ८ तारखेला सगळी विक्री एक्सेलमध्ये उतरवून ठेवायची, त्यांनी ९ ला काहीही करू दे. सेल्समनच्या मोबाईलमधलं ऑटो-अपडेटही बंद केलंय, नाहीतर दोघांचं ॲप नवीन, दोघांचं जुनं आणि स्कीम चौघांना चार तऱ्हेच्या दिसायच्या.

परत जुन्याकडे जाणार का? नाही. पाऊस असो की लाइट जावो, मी घरून मोबाईलवर स्टॉक बघतो, सेल्समन दुकानातनंच ऑर्डर टाकतो, हे सोडवत नाही. फक्त एवढं करा बाबांनो, ८ ते २० तारखेच्या मध्ये स्क्रीनला हात लावू नका, कायद्याचा बदल असेल तर आठवडाभर आधी द्या. दोनदा लिहून कळवलंय, दोन्ही वेळा आभाराचा मेल आला.

रिन्युअल मार्चमध्ये आहे. आणि आता वरती एक निळी पट्टी यायला लागलीये, नवीन लूक लवकरच सर्वांसाठी, जुना बंद होणार. ताईंनी ती वाचून विचारलं, "आता सेव्ह कुठं नेऊन ठेवणार म्हणे?"