पुण्यातल्या ऑफसेट प्रेसमधली इंटर्नशिप: मशीनवर उभं करणार असतील तरच जा

उपयोजित कलेचं तिसरं वर्ष संपल्यावर मी हडपसर भागातल्या एका कमर्शियल प्रिंटिंग कंपनीत इंटर्नशिप केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कौतुक आहे तशा तक्रारीही आहेत आणि मला दोन्ही मोकळेपणानं लिहायच्या आहेत. प्रेस मध्यम आकाराची. एक चार रंगांचं शीटफेड (सुट्या कागदांवर छापणारं) ऑफसेट मशीन, एक जुनं दोन रंगांचं, प्लेट काढायला स्वतःचं सीटीपी (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणारं यंत्र) आणि कटिंग, फोल्डिंग, बाइंडिंग सगळं एकाच छताखाली. लॅमिनेशन तेवढं बाहेरून करून यायचं. काम म्हणजे कंपन्यांचे वार्षिक अहवाल, कॉलेजांची माहितीपत्रकं, गणेश मंडळांचे अहवाल, आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक.

माझं मत आधीच सांगून टाकते. शिकायला जागा उत्तम आहे, व्यवस्थापन ढिसाळ आहे. ज्यांना पुस्तकं, मासिकं, पॅकेजिंग अशा छापील कामात उतरायचंय त्यांनी अशा प्रेसमध्ये जावंच, पण काय शिकवणार ते आधी ठरवून घेऊन.

सुरुवातीचा काळ वाया गेला. मुलाखतीत ‘प्रीप्रेस आणि प्रॉडक्शन दोन्ही बघायला मिळेल’ असं सांगितलं होतं. (प्रीप्रेस म्हणजे छपाईआधी फाइली तपासून तयार करणं.) प्रत्यक्षात मला पुढच्या ऑफिसात बसवलं. कोटेशनचे ईमेल, कुरिअरच्या पावत्या, ग्राहकांना ‘प्रूफ बघितलं का’ म्हणून फोन. माझ्याबरोबर मुद्रण अभियांत्रिकीची दोन मुलं होती. (पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी कॉलेजात ही पदवी घेता येते, हे डिझाइनच्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.) ती दोघं पहिल्या दिवसापासून मशीनवर होती. मी डिझाइनची, त्यातून मुलगी, म्हणून ऑफिसात. मला याचा राग आला होता आणि आजही तो योग्यच वाटतो. तोंडी विचारलं की ‘बघू, बघू’ एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी कॉलेजातल्या सरांना कॉपी ठेवून प्रॉडक्शन मॅनेजरना रीतसर ईमेल केला, तेव्हा कुठे माझी रवानगी प्रीप्रेसला झाली. तिथून पुढे मात्र मी जे शिकले ते वर्गात शिकायला मिळालं नसतं.

प्रीप्रेसला एक ताई होत्या. येणारी प्रत्येक फाइल आधी त्यांच्या नजरेखालून जायची. ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) ३ मिलिमीटर आहे का, फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) आहेत का, फॉन्ट सोबत दिलेत का, हे तर कोणीही सांगेल. त्यांची खरी ताकद मराठी मजकुरात होती. जुन्या ग्राहकांच्या फाइली अजून श्रीलिपीत येतात. श्रीलिपी ही फॉन्टची प्रणाली पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, आणि मराठी छपाईची कित्येक वर्षं तिच्यावर चालली. पण तो फॉन्ट मशीनवर नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो. नवीन मुलं युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या पद्धतीत) काम करतात, ते चांगलंच आहे. फक्त इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिपीची अक्षरं नीट जोडणारी सोय) निवडला नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते. एकेका मंडळाच्या अहवालात अध्यक्षांच्या नावापासून ही पडझड सुरू झालेली असायची. ताई पान छापून घ्यायच्या आणि पट्टी ठेवून ओळीओळीनं वाचायच्या. ‘स्क्रीनवर रफार दिसला म्हणून तो प्लेटवर आला असं समजू नकोस,’ हे त्यांनी मला तिथल्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

काळ्या रंगाची गोष्ट इथे जरा सविस्तर लिहिते, कारण डिझाइनच्या मुलांना ती कळलीच पाहिजे. एका मंडळाच्या अहवालात देणगीदारांची आठ पॉइंटची लांबलचक यादी होती आणि ती पानं कार्यकर्त्यानं फोटोशॉपमध्ये बनवली होती. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा तिथे सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) नेला की साध्या सेटिंगमध्ये तो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असा चार शायांचा होतो. स्क्रीनवर फरक शून्य. कागदावर मात्र तेच अक्षर चार प्लेटांवरून चार वेळा छापलं जातं, आणि एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी अनुस्वाराला लालसर कडा येते, बारीक अक्षर पुसट दिसतं. ताईंनी ती सगळी यादी फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के, नव्यानं लावून घेतली. मंडळाला त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. कंपनीबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. ग्राहकाला न कळणारी चूक त्याला न सांगता दुरुस्त करणारी जागा आहे ती.

पुढचा टप्पा जुळणीचा, म्हणजे मोठ्या शीटवर कोणतं पान कुठे बसणार ते लावण्याचा. आता सॉफ्टवेअर पानं लावतं, पण ताई आधी कोऱ्या कागदाची डमी करायला लावायच्या. कागदाला तीन घड्या घालायच्या, कोपऱ्यांवर १ ते १६ आकडे टाकायचे आणि उलगडून बघायचं. सोळापानी फर्म्यात (घडी घातलेल्या एका शीटमध्ये) १ शेजारी १६ येतं, ८ शेजारी ९, म्हणजे जोडीची बेरीज कायम १७. मग पिनवर बांधायच्या पुस्तिकेत आतली पानं कशी बाहेर सरकतात, म्हणून आतल्या पानांचा समास थोडा थोडा कमी का करत न्यायचा, हेही त्याच डमीवर समजतं.

मशीनवर मला शेवटच्या टप्प्यात उभं राहायला मिळालं आणि या इंटर्नशिपला मी चांगलं म्हणते ते त्या दिवसांमुळे.

मशीनमन काका पन्नाशी उलटलेले. शिक्षण ट्रेडल या जुन्या छपाई यंत्रावर झालेलं, तेही नारायण पेठेतल्या एका वाड्यातल्या छापखान्यात, शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्याच्या काळात. मी वही घेऊन उभी राहिले तेव्हा म्हणाले, ‘वही ठेव बाजूला, आधी शीट बघ.’ पहिली शीटं जुन्या रद्दीवरच काढतात, चांगला कागद नंतर लावतात. शीट आलं की काका डोळ्याला भिंग लावून कडेच्या रजिस्टर मार्कावर वाकायचे. चारही रंगांच्या रेघा एकावर एक बसल्या की मग कलर बारकडे (कडेच्या रंगांच्या पट्टीकडे) वळायचे. डेन्सिटोमीटर (शाईची दाटी मोजणारं यंत्र) होता, आकडे वहीत लिहिलेही जायचे, पण त्यांचा हात आकडा दिसण्याआधीच शाई कमी-जास्त करायच्या किल्लीकडे गेलेला असायचा. पाण्याचा तोल हा सगळ्यात अवघड भाग. ऑफसेटची प्लेट सपाट असते, चित्राची जागा तेलकट शाई धरते आणि कोरी जागा पाणी धरून शाईला दूर ठेवते. पाणी कमी पडलं की कोऱ्या जागीही शाई चढते, जास्त झालं की रंग फिका आणि मरगळलेला दिसतो. काका शीट तिरकं धरून, त्यावरची चमक बघून पाणी वाढवायचे किंवा कमी करायचे.

एका माहितीपत्रकाच्या वेळी प्राचार्यांचा चेहरा लालसर येत होता. ग्राहक मशीनशेजारी उभा, ‘लाल कमी करा’ म्हणून मागे लागलेला. काकांनी मला पाच हजार केल्व्हिनच्या दिव्याखाली शीट ठेवायला सांगितलं आणि विचारलं, ‘मॅजेंटा कमी केला तर आणखी काय बदलेल?’ मग त्यांनीच बोटानं चेहऱ्यापासून सरळ खाली रेघ ओढली. त्याच रेघेवर, दुसऱ्या पानावर, कॉलेजचा गर्द जांभळा बोधचिन्हाचा पट्टा होता. शाईच्या किल्ल्या शीटच्या रुंदीवर ओळीनं असतात, एक किल्ली फिरवली की त्या पट्ट्यात येणाऱ्या सगळ्या पानांचा रंग बदलतो. चेहरा सुधारायचा तर जांभळा निळसर पडणार. शेवटी दोन्ही ठीक दिसतील असा मधला बिंदू काढला आणि ग्राहकानं पास शीटवर (मंजूर नमुन्यावर) सही केली. पान डिझाइन करताना ते मोठ्या शीटवर कोणाच्या खाली आणि कोणाच्या वर बसणार आहे याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता, आणि कोणी करायला सांगितलाही नव्हता. आता मी जुळणीचा नकाशा मागून घेते.

जुलैतला पाऊस लागला की कागद त्रास देतो. हवेतला ओलावा शोषून रिमच्या कडा लाटांसारख्या होतात, शीट फीडरमध्ये नीट उचललं जात नाही, रजिस्टर हलतं, शाई सुकायला वेळ लागतो आणि घाई करून थप्पी लावली तर वरच्या शीटच्या पाठीवर खालची शाई उमटते. म्हणून मशीनरूममध्ये एसी माणसांसाठी नाही, कागदासाठी चालतो, आणि रीम लागेपर्यंत वेष्टनातून काढत नाहीत.

खर्चाचं गणितही इथेच उलगडलं. आमच्या वर्गात चौरस आकाराचं भारी वेड आहे. ९ इंच चौरस निमंत्रण २० बाय ३० च्या कागदातून सहाच निघतं आणि जवळजवळ पाचवा हिस्सा रद्दीत जातो. साडेसात बाय दहाचा तुकडा त्याच कागदातून आठ निघतो आणि काहीच उरत नाही. शिवाय प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च ५०० प्रतींना जेवढा तेवढाच ५,००० ला. थोड्या प्रती हव्या असतील तर प्रेसवाले स्वतःच डिजिटलकडे पाठवतात.

बाइंडिंगला बहुतेक बायकाच होत्या. फर्मे गोळा करणाऱ्या मावशी मणक्यावरच्या खुणा तिरक्या ओळीत आल्या की नाही हे एका नजरेत ओळखायच्या, खूण ओळ सोडून पडली म्हणजे फर्मा चुकला. त्यांच्या हाताचा वेग आणि मिळणारी मजुरी यांचा काही मेळ नाही. हे इंटर्नशिपच्या परीक्षणात कशाला, असं कुणी म्हणेल, पण तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसणारच आहे.

आता सोयी. स्टायपेंड महिना ५,००० ठरलं होतं, ते मिळालं, पण दर वेळी मागून आणि उशिरा. शेवटचा हप्ता इंटर्नशिप संपल्यावर बरीच आठवण केल्यावर आला. मशीनरूममध्ये आवाज खूप असतो आणि कानात घालायला काही दिलं जात नाही, मी स्वतःचे इअरप्लग नेले. मशीनचं ब्लँकेट (शाई कागदावर उतरवणारं रबर) धुण्याच्या सॉल्व्हंटचा वास डोक्यात जातो, तिथे हातमोजे मागून घ्या, मागितले की देतात. बायकांचं स्वच्छतागृह फक्त वरच्या मजल्यावर, ऑफिसशेजारी. बाइंडिंगच्या मावशींनाही तिथवरच जावं लागतं. हे मी निघताना दिलेल्या फीडबॅकमध्ये लिहिलंय. स्वारगेटहून पीएमपीएमएल मिळते, पण संध्याकाळी मगरपट्ट्याच्या बाजूची गर्दी धरून वेळ काढा. चहा दोन वेळा, चांगला. डबा घरून न्या.

जाणार असाल तर ऑफर लेटरमध्ये दोन गोष्टी लिहून घ्या: किती आठवडे प्रीप्रेसला आणि किती मशीनवर, आणि स्टायपेंड कोणत्या तारखेला. तोंडी कबुली चालत नाही. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर थोडं यायला हवं, मंडळांचं आणि छोट्या दुकानांचं अर्धं काम अजून त्यातच येतं. शक्य असेल तर जून ते ऑगस्ट असा काळ घ्या. तेव्हा वार्षिक अहवालांचं रंगाचं काम भरपूर असतं आणि मशीनमनना शिकवायला थोडी तरी उसंत असते. गणपतीनंतर दिवाळी अंकांची घाई सुरू होते, दोन-दोन पाळ्या चालतात, तेव्हा तुम्हाला कोणी किल्लीला हात लावू देणार नाही.