लेव्हलचे आकडे जुळत नाहीत: सरासरी, मेडियन की वेटेड लीस्ट स्क्वेअर?

एकाच पॉइंटची लेव्हल (उंची) तीन वाटांनी आणली आणि तिन्ही आकडे वेगळे आले तर फायनल कोणता लिहायचा, हे साइटवरची नवी पोरं नेहमी विचारतात. मी तिन्ही पद्धती वापरल्यात, त्यावरून सांगतो, तुमचं काम वेगळं असेल तर कदाचित पटणार नाही.

समजा नव्या बी.एम.चा (बेंचमार्क, उंची पक्की केलेली खूण) आर.एल. (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची) १ किमीच्या वाटेनं ३०८.४१२, २ किमीच्या वाटेनं ३०८.४१८ आणि ४ किमीच्या वाटेनं ३०८.४३६ मीटर आला. साधी सरासरी ३०८.४२२. ही पण लीस्ट स्क्वेअरच (फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ठेवणारी पद्धत) आहे बरं का, फक्त सगळ्यांचं वेट (वजन) सारखं, फ्रेंच गणिती लेजाँद्रनं १८०५ मध्ये पद्धत छापली तेव्हाच हे सांगून ठेवलंय. पण मे महिन्यात आपल्याकडे दुपारी स्टाफवरचे (मोजायच्या उभ्या पट्टीवरचे) आकडे नुसते नाचून राहिले असतात, तेव्हा चार किलोमीटर ओढत आणलेल्या लेव्हलला सकाळच्या एका किलोमीटरच्या पंगतीत काहून बसवायचं?

मेडियन (क्रमानं लावल्यावर मधला आकडा) ३०८.४१८. स्टाफ वाचताना कोणी दहा सेंमी चुकला तरी हा फारसा हलत नाही, आणि इथे लीस्ट स्क्वेअर खरंच कच्चा आहे, मोठ्या चुकीचा वर्ग होऊन ती सगळं आपल्याकडे ओढते.

मला खरा वैताग आला तो रीडिंग फेकण्याचा. सरासरी घेतली की कोणीतरी म्हणतोच, "हे काढा ना भाऊ, बिघडवून राहिलं." एक जण वरचं खोडतो, दुसरा खालचं, फील्ड बुक एकच आणि आर.एल. दोन, आणि नंतर क्लायंटनं विचारलं हे का खोडलं तर सगळे गप्प. नागपूरच्या झिरो माईलच्या बेंचमार्कची उंची १०२०.१७१ फूट सांगतात. तीन दशांश लिहायचे तर ते कुठून आले हे दाखवता यायला पाहिजे ना.

वेटेडमध्ये लेव्हलिंगसाठी वेट अंतराच्या उलट धरायचं, म्हणजे इथे ४:२:१, उत्तर ३०८.४१७. काही फेकायचं नाही, तिसऱ्या वाटेचा १९ मिमीचा फरक कागदावर तसाच दिसतो, आणि मुख्य म्हणजे वेट रीडिंग घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं, कोणाच्या मर्जीवर नाही.

एकाच वाटेनं एकाच सकाळी परत परत घेतलेल्या रीडिंगला साधी सरासरी पुरते, तिथे उगाच डोकं लावू नका. मेडियन मी फक्त आधी घोटाळा पकडायला बघतो, तेवढं झालं की एक्सेलमध्ये एक सम-प्रॉडक्ट (आकडा गुणिले वेट, सगळ्यांची बेरीज), भागिले वेटची बेरीज, बस.