जुना सीसीडी कॅमेरा घेताना माझे ६८,५०० रुपये गेले

आकाशातल्या तेजोमेघांचे फोटो काढायला एका माणसाकडून जुना सीसीडी (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा जुना प्रकार) कॅमेरा घेतला. टोकन म्हणून १०,००० यूपीआयने, मग ५५,००० आयएमपीएसने, आणि पॅकिंग व विम्यासकट कुरिअरचे ३,५००. एकूण ६८,५००. विमा काढलेलाच नव्हता, हे पार्सल हातात आल्यावर कळलं.

सीसीडी आता घेतं कोण, असं लगेच विचारलं जाईल. सोनीने सीसीडी बंद करत असल्याचं २०१५ मध्येच सांगितलं होतं, हे मलाही माहीत आहे. पण सेन्सर थंड ठेवणारा, कृष्णधवल चित्र घेणारा नवा सीमॉस (सीसीडीची जागा घेतलेला सेन्सर) कॅमेरा माझ्या पगारात बसत नाही. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातला फिल्टर तेजोमेघांचा लाल, ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा प्रकाश बराचसा अडवतो, आणि मला मृगातला अश्वमुख तेजोमेघ टिपायचा होता. मी घेतलेल्या कॅमेऱ्यातल्या कोडॅकच्या केएएफ-८३०० या सीसीडी सेन्सरवर हौशी लोकांनी वर्षानुवर्षं सुंदर काम केलंय. माझी निवड चुकीची नव्हती. विकणारा माणूस खोटा निघाला.

"दादा, मी सीमॉसवर जातोय म्हणून देतोय," म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक ७२ हजार द्यायला तयार आहे, हेही ऐकवलं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा दाखवला, दिवा लागलेला, पंख्याचा आवाज येतोय. पंखा फिरला म्हणजे कूलिंग चालतं असं नाही! पंखा वेगळा, आतली, सेन्सर थंड करणारी पेल्टियर प्लेट वेगळी. उणे २० अंश तापमानाचा आकडा स्क्रीनवर बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि ती फाइल. रात्री झोप लागत नाही ती त्या फाइलमुळे. मी नमुना मागितला, त्याने पाच मिनिटांच्या एक्सपोजरची कच्ची फिट्स फाइल (खगोलफोटो साठवायचा प्रकार) पाठवली. मी हेडर, म्हणजे फाइलमधली कॅमेऱ्याची नोंद, उघडला. उघडला होता मी! तारीख ताजी, तापमान उणे २०, एवढं वाचून बंद केला. त्याच हेडरमध्ये पिक्सेलचा आकार ३.७६ मायक्रॉन लिहिलेला होता. केएएफ-८३००चा पिक्सेल ५.४ मायक्रॉनचा असतो, हे मला पाठ आहे. चित्र ६२४८ × ४१७६ पिक्सेलचं, तर हा सेन्सर ३३२६ × २५०४ चा. खाली गेन १०० (सीमॉसवर असतं ते सिग्नल वाढवण्याचं सेटिंग) अशी ओळसुद्धा होती. फाइल सरळसरळ सीमॉस कॅमेऱ्याची होती. दोन ओळी खाली नजर गेली असती तर पैसे वाचले असते. पण समोर इतकं स्वच्छ चित्र होतं की मी तेच बघत बसलो.

घरी जोडला. खोलीत २२ अंश. कूलर शंभर टक्क्यांवर अर्धा तास, तापमान १७ च्या खाली जाईना. डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून काढलेलं चित्र, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. शटर अर्ध्यावर अडकतं, त्यामुळे प्रत्येक चित्राची एक बाजू काळी. या सेन्सरला यांत्रिक शटर लागतंच, म्हणून डार्कबरोबर फ्लॅट फ्रेमही (एकसारख्या उजेडाचं चित्र) मागा. त्यात अडकलेलं शटर लपत नाही.

त्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला दीड तास बाकावर बसवून विचारलं, "माल मिळालाय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." खोटी फाइल दाखवून पैसे घेणं फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? मी सेन्सर समजावू लागलो तर त्यांनी विचारलं, "लग्नाचे फोटो काढता का?" शेवटी अर्जावर शिक्का मारला, एफआयआर नाही. ग्राहक आयोगात विचारलं, तर विकणारा व्यापारी नाही, म्हणून तिथेही दार बंद. मग जायचं कुठे माणसाने?

टोकन देऊ नका. सिरियल नंबर दिसेल असा फोटो आणि त्याच कॅमेऱ्याची, आज काढलेली डार्क फ्रेम मागा. जमलं तर प्रवास करून स्वतः जा, मला तिकीट १,२०० ला पडलं असतं.

सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. हेडरची प्रिंट काढलीय, ३.७६ च्या ओळीखाली लाल रेघ मारून ठेवलीय.